लष्करांतील हुद्दे आणि बढतीची वाट

हवालदार हा शब्द उच्चारला कीं आपल्याकडील बहुतेकांच्या डोळ्यांपुढें पोलीस ठाण्यांतील गृहस्थ उभा राहतो. बाहीवर तीन फिती, हातांत काठी, आणि बाजाराच्या दिवशीं चौकांत त्याचा दरारा. त्यामुळें ढाणकीचा एखादा तरुण पलटणींतून रजेवर आला आणि त्याच्या गणवेषावर तशाच तीन फिती दिसल्या, म्हणजे कोणी त्यास ‘हवालदारसाहेब’ म्हणतें, कोणी ‘कॅप्टन’ म्हणतें, तर कोणी सरळ ‘मेजर’ म्हणून मोकळें होतें. तो बिचारा हंसून गप्प बसतो. या थट्टेंत वाईट कांहीं नाहीं. परंतु हुद्द्यांविषयींच्या या अज्ञानाची किंमत पुढें आपल्याच मुलांस द्यावी लागते. कारण सैन्यांत जावयाचें तर कोणत्या दारानें जावें हें ठरविण्याचें वय फार लवकर येतें आणि तितक्याच लवकर निघून जातें. म्हणून हे हुद्दे म्हणजे काय, एकावरून दुसऱ्यावर चढण्यास काय लागतें, आणि शाळेंतील कॅडेटास मिळणारी फीत व जवानाची फीत यांत फरक कोणता, याची थोडी फोड या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. हे शब्द आपल्या भाषेस परके नाहींत. नाईक हा संस्कृत ‘नायक’ शब्दाचाच वंशज. हवालदार म्हणजे ज्याच्या हवालीं कांहीं केलें आहे तो. जमादार म्हणजे जमावाचा, तुकडीचा प्रमुख. आणि सुभेदार म्हणजे सुभ्याचा अधिकारी. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या फौजेची जी मांडणी दिली आहे तींत पायदळाच्या नऊ-दहा माणसांवर एक नाईक, पांच नाईकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी, आणि सर्वांवर सरनोबत, अशी चढती रचना आहे. घोडदळांत हवालदार पंचवीस स्वारांचा, आणि त्यावर जुमलेदार, हजारी, पंचहजारी असे टप्पे. यांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, हुद्दा सांगितला म्हणजे त्या माणसाच्या हाताखालीं किती जीव आहेत तें आपोआप कळे. हुद्दा म्हणजे मानाचा शब्द असें आपण समजतों; पण मुळांत तो मोजदादीचा शब्द आहे.

आजच्या भारतीय भूसेनेंतही हिशेब माणसांचाच आहे. दहा जवानांच्या तुकडीस सेक्शन म्हणतात. तिचा प्रमुख हवालदार किंवा नाईक असतो. तीन सेक्शनांची मिळून प्लाटून होते. तिचें काम सुभेदार, नायब-सुभेदार किंवा नुकताच दाखल झालेला लेफ्टनंट पाहतो. तीन प्लाटूनांची कंपनी, म्हणजे सुमारें सव्वाशें माणसें, ही साधारणतः मेजराच्या हाताखालीं असते. अशा चार कंपन्या आणि त्यांस लागणारे इतर साह्यकारी लोक मिळून सुमारें आठशें जवानांची पलटण होते, आणि तिचा प्रमुख कर्नल असतो. त्यापुढें ब्रिगेडवर ब्रिगेडियर, डिव्हिजनवर मेजर-जनरल, कोअरवर लेफ्टनंट-जनरल. पुण्यास ज्याचें मुख्यालय आहे त्या दक्षिण विभागासारखा अफाट विभागही लेफ्टनंट-जनरलाकडेच असतो. जनरल मात्र भूसेनेंत सर्वांवर एकच, तो सरसेनापति.

येथें चाणाक्ष विद्यार्थी एक शंका काढील. मेजर हा लेफ्टनंटाहून मोठा. मग मेजर-जनरल हा लेफ्टनंट-जनरलाहून लहान कसा? याचें उत्तर गमतीचें आहे. जुन्या इंग्रजी फौजेंत या हुद्द्याचें नांव ‘सार्जंट-मेजर-जनरल’ असें लांबलचक होतें. उच्चाराच्या सोयीसाठीं पुढचा सार्जंट गळून पडला आणि मागें हें कोडें राहिलें.

हुद्दे ओळखावयाचे कसे? दंडावरील एक फीत लान्स नाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या. त्यावरील वर्गाच्या खुणा खांद्यावर येतात. नायब-सुभेदारास एक तारा, सुभेदारास दोन, आणि सुभेदार-मेजरास अशोकस्तंभावरील सिंहमुद्रा. या तिघांच्या खुणेबरोबर लाल-पिवळ्या-लाल रंगांची आडवी पट्टी असते. ती पट्टी नीट पाहावी, कारण लेफ्टनंटाच्या खांद्यावरही दोनच तारे असतात, फक्त पट्टी नसते. कॅप्टनास तीन तारे, मेजरास सिंहमुद्रा, लेफ्टनंट-कर्नलास मुद्रा व एक तारा, कर्नलास मुद्रा व दोन, ब्रिगेडियरास मुद्रा व तीन. जनरल वर्गाच्या खांद्यावर तलवार व दंड यांची फुली येते. या सर्व खुणांत तीन मजले स्पष्ट दिसतात. खालचा जवानांचा, मधला नायब-सुभेदारापासून सुभेदार-मेजरापर्यंतचा, ज्यास जे.सी.ओ. म्हणतात, आणि वरचा कमिशनप्राप्त अधिकाऱ्यांचा. एकाच मजल्यावर पायऱ्या चढत जाणें ही एक गोष्ट, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाणें ही अगदीं निराळी गोष्ट. हा भेद जेथून आला तो इतिहास आपल्या दाराशींच घडला आहे.

१८५३ सालीं निजामानें आपल्या राज्यांतील कंटिंजेंट नांवाच्या फौजेच्या खर्चासाठीं वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यांत दिला. म्हणजे आपल्या काळ्या जमिनीचा सारा ज्या कारणासाठीं परक्यांच्या तिजोरींत जाऊं लागला, तें कारण फौजेचा पगार हें होतें. या कंटिंजेंटची एक मोठी छावणी पैनगंगेपलीकडे हिंगोलीस होती. १९०३ सालीं ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यांत मिळविण्यांत आली. तिच्या घोडदळांतून पुढें डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पायदळापैकीं बेरार इन्फंट्री ही पलटण पुढें कुमाऊं रेजिमेंटची दुसरी पलटण झाली, आणि ‘बेरार’ हें नांव तिनें अद्याप टाकलेलें नाहीं. हिमालयाच्या पायथ्याकडील जवानांच्या पलटणीस वऱ्हाडचें नांव कां, हें त्यांपैकीं किती जणांस ठाऊक असेल कोण जाणे!

त्या काळच्या सर्व देशी पलटणींत शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, सुभेदार-मेजर ही शिडी होती, आणि ती तेथेंच संपत असे. तीस-तीस वर्षें चाकरी केलेला, छातीवर पदकें मिरविणारा सुभेदार-मेजर हा कालच विलायतेहून आलेल्या मिसरूड फुटलेल्या गोऱ्या लेफ्टनंटापुढें कनिष्ठ ठरे. सुभेदाराचें कमिशन व्हाइसरॉयचें, गोऱ्याचें कमिशन राजाचें. आणि राजाच्या कमिशनाचें दार हिंदी माणसास बंद होतें. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, इंग्लंडांतील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयांत हिंदी उमेदवारांसाठीं वर्षास अवघ्या दहा जागा ठेवण्यांत आल्या. अशा जागेवरून शिकून १९२६ सालीं कमिशन मिळविलेले कोल्हापूरकडील शंकरराव थोरात पुढें लेफ्टनंट-जनरल होऊन पूर्व विभागाचे प्रमुख झाले. १९३२ सालीं डेहराडून येथें लष्करी विद्यालय निघालें तेव्हां कोठें हें दार देशांतच उघडलें. स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉय गेले. त्यांच्या कमिशनवाल्यांचा मजला मात्र जे.सी.ओ. या नांवानें राहिला. १९६५ सालीं जमादार हें नांव बदलून नायब-सुभेदार असें केलें गेलें. तो मजला टाकाऊ म्हणून राहिला असें समजूं नये. जवानाची भाषा, त्याचें घर, त्याच्या अडचणी जाणणारा, त्याच पायऱ्या चढून आलेला वडील माणूस पलटणीस हवाच असतो. आणि तरुण लेफ्टनंट बहुतेक वेळां आपलें पहिलें खरें शिक्षण आपल्या सुभेदारापाशींच घेतो.

आतां जवानाच्या बढतीकडे वळूं. प्रशिक्षण पुरें करून शपथ घेतली म्हणजे रंगरूटाचा शिपाई होतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे रंगरूट ही शपथ बेळगांवच्या केंद्रांत घेतात. या रेजिमेंटची पहिली पलटण १७६८ सालीं उभारली गेली, एवढी ती जुनी. मात्र १४ जून २०२२ रोजीं जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेपासून नवा जवान प्रथम अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठीं घेतला जातो, आणि त्या तुकडींतील जास्तींत जास्त शेंकडा २५ जणांसच पुढें कायम केलें जातें. म्हणजे पूर्वी पहिली बढती लान्स नाईकाची होती. आज अग्निवीराच्या दृष्टीनें पहिली बढती म्हणजे सैन्यांत राहणें हीच झाली आहे. भरतीसाठीं पहांटे रस्त्यानें धांवणाऱ्या प्रत्येक मुलानें, आणि विशेषतः त्याच्या आईबापांनीं, हा आंकडा नीट वाचून घ्यावा.

कायम झालेल्या जवानास पुढची फीत मिळावयाची तर तिची पहिली अट जागा ही असते. पलटणींत हवालदार किती, नाईक किती, हें ठरलेलें असतें. वरचा कोणी बढती घेऊन किंवा निवृत्त होऊन गेला तरच खालच्यास जागा. केवळ वर्षें भरलीं म्हणून फीत येत नाहीं. त्यानें नकाशावाचनाची परीक्षा उतरली पाहिजे, बढतीसाठीं घेतला जाणारा ‘कॅडर’ हा अभ्यासक्रम पुरा केला पाहिजे, शरीर पहिल्या प्रतीचें राखलें पाहिजे, आणि त्याच्या वरिष्ठांनीं दरसाल लिहिलेले गोपनीय अहवाल चांगले असले पाहिजेत. शिवाय कागदोपत्रीं लाल शाईची नोंद नसावी. शिस्तभंगाच्या गंभीर शिक्षा सैन्यांत लाल शाईनें लिहिल्या जातात, आणि रजेवरून परत जाण्यास विलंब करणें हें तसली नोंद ओढवून घेण्याचें एक नेहमींचें कारण आहे. गांवीं लग्न आहे, पेरणी आहे, ‘आणखी दोन दिवस राहा’ असा आग्रह करणाऱ्या नातलगांना याची कल्पना नसते.

जागेअभावीं चांगल्या जवानाची बढती अडते, हेंही खरें आहे. त्यावर उपाय म्हणून ८, १६ व २४ वर्षांच्या सेवेनंतर, बढती मिळाली नसल्यास, पगाराची श्रेणी तेवढी वरची देण्याची योजना आहे. फीत मात्र तीच राहते. हुद्द्याचा संबंध निवृत्तीशींही आहे. शिपाई चाळिशी गांठण्याच्या सुमारास घरीं परततो, तर सुभेदार-मेजर पन्नाशी ओलांडून. त्यामुळें एक फीत वेळेवर न मिळणें म्हणजे कुटुंबाच्या कमाईचीं कित्येक वर्षें जाणें होय. दिसावयास तो हातभर कापडाचा तुकडाही नाहीं!

पराक्रम केला म्हणजे बढती मिळते, अशी एक समजूत सिनेमांनीं रूढ केली आहे. ती खरी नाहीं. पराक्रमास पदक आहे. हुद्दा ही निराळी वस्तु आहे. दुसऱ्या महायुद्धांत इटलीमध्यें १० जुलै १९४४ रोजीं नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन चढाई करीत असतां शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यानें त्यांच्याखेरीज तुकडींतील एकूणएक माणूस ठार वा जखमी झाला. ते एकटे त्या ठाण्यावर धांवून गेले, बाँबनें तोफ बंद पाडली, एकास गोळी घातली, आणि काडतुसें बदलण्यास वेळ नाहीं असें पाहून बंदुकीच्या दस्त्यानें उरलेल्या दोघांशीं लढले. त्या जागींच ते लपलेल्या निशाणबाजांच्या गोळ्यांस बळी पडले. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. कुलाबा जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे हे तरुण अवघे बावीस वर्षांचे होते. पुढच्या वर्षीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या कांठीं नामदेव जाधव यांनीं जखमी सोबत्यांस पाण्यांतून व सुरुंगांतून वाहून आणलें आणि शत्रूचीं ठाणीं बंद पाडलीं; त्यांसही तोच सन्मान मिळाला. ते अहमदनगर जिल्ह्यांतील निमज गांवचे, आणि हुद्द्यानें साधे शिपाई होते. सन्मान मिळाला म्हणून ते दुसऱ्या दिवशीं सुभेदार झाले नाहींत. पुढें हवालदाराच्या हुद्द्यापर्यंत पोंचले. सैन्याचा विचार असा कीं, जो स्वतः निर्भय आहे तो दहा जणांस नीट सांभाळीलच असें नाहीं. दोहोंची परीक्षा वेगळी घ्यावी. हा विचार रुक्ष वाटला तरी मला योग्यच वाटतो.

अधिकाऱ्यांच्या बढतीचे दोन भाग आहेत, आणि त्यांतील सीमा ठाऊक असणें जरूर आहे. पहिला भाग काळाचा. आज अधिकारी लेफ्टनंट म्हणून दाखल होतो. पूर्वी त्याखालीं सेकंड लेफ्टनंट असे, तो हुद्दा आतां उरला नाहीं. दोन वर्षांनीं तो कॅप्टन होतो, सहा वर्षांनीं मेजर, तेरा वर्षांनीं लेफ्टनंट-कर्नल. अर्थात् मधल्या परीक्षा उतरल्या तर. येथपर्यंत प्रत्येकास वाट मोकळी आहे. कर्नलापासून मात्र निवड सुरू होते. एका वर्षाच्या तुकडींतील सर्व अधिकाऱ्यांचे अहवाल निवडमंडळापुढें ठेवले जातात आणि जागा असतील तितकेच निवडले जातात. पुढें ब्रिगेडियरासाठीं पुन्हां चाळणी, मेजर-जनरलासाठीं पुन्हां. जे गळतात ते नालायक असतात असें मुळींच नाहीं. शिखर निमुळतें आहे, एवढाच त्याचा अर्थ. निवड न झालेल्या अधिकाऱ्यास २६ वर्षांच्या सेवेअंतीं कालमानानें कर्नलाचा हुद्दा मिळूं शकतो.

मजला बदलणें किती दुर्घट आणि दार निवडण्यास किती महत्त्व, हें दोन मराठीभाषक वीरांच्या चरित्रांवरून स्पष्ट होईल. पहिले राम राघोबा राणे. कारवाराजवळील चेंडिया गांवच्या एका पोलीस शिपायाचे हे पुत्र, जन्म २६ जून १९१८. जुलै १९४० मध्यें ते बाँबे सॅपर्समध्यें साधे रंगरूट म्हणून दाखल झाले, आणि आपल्या तुकडींतील सर्वोत्तम रंगरूट ठरून कमांडंटची मानाची छडी त्यांनीं मिळविली. ब्रह्मदेशांत जपान्यांशीं लढतांना ते नाईक झाले, हवालदार झाले. पुढें १५ डिसेंबर १९४७ रोजीं त्यांस सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळालें. म्हणजे ते खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर पोंचले, पण तेव्हां त्यांचें वय एकोणतीस होतें. चारच महिन्यांनीं, एप्रिल १९४८ मध्यें, नौशेरा ते राजौरी या रस्त्यावरील सुरुंग व अडथळे काढून रणगाड्यांस वाट करून देण्याचें काम त्यांच्याकडे आलें. ८ एप्रिल रोजींच त्यांच्या माणसांपैकीं दोन ठार व त्यांच्यासकट पांच जखमी झाले. तरी ११ तारखेपर्यंत ते त्या रस्त्यावरून हटले नाहींत. या कामगिरीबद्दल त्यांस परमवीर चक्र मिळालें. याहून मोठा सन्मान आपल्या देशांत नाहीं. असें असूनही १९६८ सालीं ते निवृत्त झाले ते मेजराच्या हुद्द्यावर.

दुसरे अरुण श्रीधर वैद्य. जन्म १९२६ सालीं अलिबाग येथें, म्हणजे राण्यांहून सुमारें आठ वर्षांनीं लहान. ते जानेवारी १९४५ मध्यें, वयाच्या एकोणिसाव्या वर्षींच, अधिकारी म्हणून दाखल झाले, आणि दाखल झाले तेही डेक्कन हॉर्समध्यें. जिच्या पूर्वज फौजेच्या पगारापायीं वऱ्हाड इंग्रजांकडे गेला त्याच रेजिमेंटमध्यें. १९६५ च्या युद्धांत लेफ्टनंट-कर्नल म्हणून त्यांनीं हीच रेजिमेंट लढविली. १९७१ मध्यें ब्रिगेडियर म्हणून चिलखती ब्रिगेडचें नेतृत्व केलें. दोन्ही वेळां त्यांस महावीर चक्र मिळालें. १ ऑगस्ट १९८३ रोजीं ते भूसेनेचे सरसेनापति झाले. शौर्यांत या दोघांची तुलना करूं जाणें हास्यास्पद ठरेल. राण्यांचीं सात वर्षें खालच्या मजल्यावर गेलीं, वैद्यांचीं गेलीं नाहींत. एक जण एकोणतिसाव्या वर्षीं ज्या पायरीवर उभा राहिला, त्या पायरीवर दुसरा कॉलेजच्या वयांत उभा होता. वरच्या निवडीच्या चाळण्या ज्या वयांत येतात, त्या वयापर्यंत पोंचतांना हीं वर्षें फार भारी पडतात.

आतां कॅडेटांविषयीं. स्वातंत्र्यापूर्वीं महाविद्यालयांत विद्यापीठ प्रशिक्षण दलें असत. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ च्या कायद्यानें राष्ट्रीय छात्र सेना, म्हणजे एन.सी.सी., स्थापन झाली. शाळांसाठीं कनिष्ठ विभाग, महाविद्यालयांसाठीं वरिष्ठ विभाग. आपल्या भागांतील पथकांचें गट-मुख्यालय अमरावतीस आहे. मुलगा किंवा मुलगी आठवी-नववींत कॅडेट म्हणून दाखल होते आणि योग्यतेप्रमाणें लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट, कंपनी क्वार्टरमास्टर सार्जंट, कंपनी सार्जंट-मेजर अशा पायऱ्या चढते. वरिष्ठ विभागांत यापुढें ज्युनिअर अंडर ऑफिसर व सीनिअर अंडर ऑफिसर हे हुद्दे आहेत. सैन्यांत जेथें नाईक व हवालदार ही देशी नांवें राहिलीं तेथें छात्रांना मात्र कॉर्पोरल व सार्जंट हीं इंग्रजी नांवें कां दिलीं, याचें नवल वाटतें. कवायतीचे हुकूम तर ‘सावधान’, ‘विश्राम’ असे स्वच्छ देशी आहेत.

या फिती कशा मिळतात? पथकांतील जागा मोजक्या, म्हणून चुरस असतेच. हजेरी ही पहिली कसोटी. तासांपैकीं शेंकडा ७५ हजेरी नसेल तर प्रमाणपत्राच्या परीक्षेसही बसतां येत नाहीं. त्याखेरीज शिबिरांतील वागणूक, कवायत, गणवेषाची टापटीप, हुकुमाचा आवाज, आणि आपल्या ओळींतील मागें पडणाऱ्या मुलास सांभाळून घेण्याची हातोटी. ही शेवटची गोष्ट पुस्तकांत लिहिलेली नसते, परंतु पथकाचे शिक्षक तिजकडे बारकाईनें पाहतात. या शिक्षकांसही हुद्दे असतात. शाळेंत थर्ड ऑफिसर, सेकंड ऑफिसर, फर्स्ट ऑफिसर, चीफ ऑफिसर, आणि महाविद्यालयांत लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर. शनिवारीं खडू टाकून गणवेष चढविणारे आपले मास्तर त्या दिवशीं वेगळ्याच चालीनें चालतात, हें विद्यार्थ्यांच्या ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं.

कॅडेटाची फीत पथकापुरतीच असते. शाळेंतील सार्जंट-मेजर सैन्यांत दाखल झाला तर तो पुन्हां पहिल्या दिवसापासून रंगरूटच. बरोबर नेतां येतें तें प्रमाणपत्र. कनिष्ठ विभागाच्या दोन वर्षांअखेर ‘ए’, वरिष्ठ विभागांत दुसऱ्या वर्षीं ‘बी’, तिसऱ्या वर्षीं ‘सी’. जवानांच्या भरतींत या प्रमाणपत्रांस जादा गुण आहेत. ‘सी’ प्रमाणपत्र निदान ‘बी’ श्रेणींत मिळविलेल्या पदवीधरास तर एन.सी.सी.च्या खास योजनेंतून लेखी परीक्षेवांचून थेट निवडमंडळाच्या मुलाखतीस जातां येतें. ही मुलाखत पांच दिवसांची असते, आणि तींत इंग्रजीच्या सफाईपेक्षां दहा अनोळखी मुलांबरोबर एक ओंडका ओढ्यापलीकडे कसा न्यावा अशा तऱ्हेच्या कामांत तुम्ही कसे वागतां, हें अधिक पाहिलें जातें. शेतावर बैलगाडी चिखलांतून काढलेल्या मुलास ही परीक्षा वाटते तितकी परकी नाहीं.

ढाणकीसारख्या गांवांतून सैन्यांत जाण्याचा विचार निघाला कीं भरतीच्या मैदानाचाच विचार होतो. तो दरवाजा सन्मानाचा आहे; साडेसतरा वर्षें पुरीं झालेला, दहावी उत्तीर्ण मुलगा तेथून आंत जाऊं शकतो. परंतु वरच्या मजल्याचे दरवाजेही आहेत, आणि ते फक्त शहरांतल्या मुलांसाठीं नाहींत. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, जिला आपण एन.डी.ए. म्हणतों, ती तर आपल्याच महाराष्ट्रांत आहे. तिची प्रवेशपरीक्षा वर्षांतून दोन वेळां होते. भूसेनेसाठीं बारावी कोणत्याही शाखेची चालते. नौदल व वायुदलासाठीं गणित व विज्ञान लागतें. २०२२ पासून मुलींसही तेथें प्रवेश मिळूं लागला असून त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्यें शिकून बाहेर पडली. या परीक्षेची तयारी करून घेण्यासाठीं राज्य सरकारनें १९७७ सालीं औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथें सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली. दहावीनंतर निवडलेल्या मुलांस तेथें अकरावी-बारावीबरोबर ही तयारी करवितात, आणि मुलींकरितां तशीच संस्था नाशिकास आहे. सातारची सैनिक शाळा १९६१ सालची, देशांतील पहिली. चंद्रपूरची २०१९ पासूनची, आणि ती आपल्या विदर्भांतलीच.

जो जवान म्हणून आंत गेला त्याच्यासाठींही जिना अगदींच तुटलेला नाहीं. आर्मी कॅडेट कॉलेज ही संस्था नेमकी त्यासाठीं आहे. १९६० ते १९७७ या काळांत ती पुण्यास होती. आतां डेहराडूनास लष्करी विद्यालयाचाच भाग आहे. बारावी उत्तीर्ण, कांहीं वर्षें सेवा झालेला, वीस ते सत्तावीस वर्षांमधील जवान परीक्षा देऊन तेथें जातो, तीन वर्षें शिकून पदवी घेतो, पुढें एक वर्ष लष्करी विद्यालयांत काढून लेफ्टनंट होतो. म्हणून बारावी न होतां भरतीस पळणाऱ्या मुलानें हा जिना स्वतःच्या हातानें काढून टाकलेला असतो. जे मधल्या मजल्यावर दीर्घ सेवा करून निवृत्तीस येतात त्यांपैकीं कांहींस २६ जानेवारी व १५ ऑगस्ट या दिवशीं मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन असा हुद्दा दिला जातो. चांगल्या हवालदारास मानद नायब-सुभेदार म्हणून निरोप मिळतो. गांवांत कोणी निवृत्त गृहस्थ आपल्या नांवामागें ‘मानद’ लावीत असेल तर त्याचा अर्थ हा.

एन.डी.ए.साठीं वय साडेसोळा ते साडेएकोणीस लागतें, आणि तें अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेस मोजतात. ढाणकीच्या शाळेंत दहावीच्या बाकावर आज बसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलास हें दार उघडावयास दीड वर्ष आहे, आणि तें मिटावयास साडेचार.